स्विच ‘आधी नोंदणी करा’ म्हणून अडतो तेव्हा: सक्तीच्या उत्पादन नोंदणीची वारंवार येणारी अडचण

नव्या स्विचचे (कार्यालयातील संगणक, प्रिंटर तारेने एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाचे) व्यवस्थापनाचे पान उघडले, पासवर्डही स्वीकारला गेला, आणि तरीही व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी) किंवा पीओईचे (केबलमधूनच वीज देण्याच्या सोयीचे) मेनू दिसण्याऐवजी ‘सर्व सुविधा खुल्या करण्यासाठी उत्पादनाची नोंदणी करा’ एवढेच समोर आले, की स्विच सदोष निघाला असे समजून तो विक्रेत्याकडे परत पाठवणारे अनेक जण आहेत. तो सदोष नसतो. व्यवसायासाठी विकल्या जाणाऱ्या नेटवर्क उपकरणांपैकी बऱ्याच उपकरणांवर निर्मात्याने नोंदणीची अट घातलेली असते आणि ती पूर्ण होईपर्यंत व्यवस्थापनाचा काही भाग कुलूपबंद ठेवलेला असतो. नोंदणी एकदाच झाली आणि संपली तर तक्रारीचे कारण नाही. पण ती मध्येच अडकते, ‘क्रमांक आधीच नोंदलेला आहे’ असे सांगते, किंवा वर्षभराने रीसेटनंतर तेच पान पुन्हा समोर येते. पुढील विवेचन या अडचणींपुरतेच आहे.

ठळक उदाहरण नेटगिअरच्या स्मार्ट श्रेणीतील स्विचेसचे देता येईल. या श्रेणीतील अनेक मॉडेल्सवर नोंदणीपूर्वी स्थानिक पासवर्डने प्रवेश केल्यास मोजकेच मेनू मिळतात. नेटगिअरच्या खात्याने एकदा प्रवेश करून स्विच नोंदवला, की त्यानंतर स्थानिक पासवर्डने पूर्ण नियंत्रण हाती येते. जिथे स्विचला इंटरनेट देता येत नाही तिथे कंपनीच्या संकेतस्थळावर दुसऱ्या संगणकावरून अनुक्रमांक नोंदवायचा, मिळालेली नोंदणी की लिहून घ्यायची आणि ती स्विचच्या पानावर टाकायची, अशी पर्यायी सोय आहे. सिस्को मेराकीचे उपकरण मात्र संस्थेच्या डॅशबोर्डवर (क्लाउडवरील नियंत्रणाच्या पानावर) आपल्या नावे जोडल्याखेरीज रचता येत नाही, आणि सॉनिकवॉलच्या फायरवॉलसाठी (ये-जा करणारा डेटा तपासून अडवणाऱ्या उपकरणासाठी) निर्मात्याच्या खात्यात अनुक्रमांकासोबत पडताळणी संकेतही द्यावा लागतो. नावे आणि पाने वेगळी असली तरी अडकण्याच्या जागा जवळपास त्याच आहेत.

कार्यालयाच्या व्यवस्थापकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: नोंदणी न झालेला स्मार्ट स्विच साध्या स्विचप्रमाणे डेटा पुढे पाठवत राहतो. संगणक, प्रिंटर चालू राहतात. फक्त नवी रचना करता येत नाही. त्यामुळे ही घाईची घटना नाही, आणि घाईत केलेल्या फॅक्टरी रीसेटने असलेली रचनाही हातची जाते. मेराकीसारख्या पूर्णपणे क्लाउडवर अवलंबून असलेल्या उपकरणांना हे आश्वासन लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उपकरणाला बाहेरची वाट आहे का

आपल्या लॅपटॉपवर इंटरनेट चालते म्हणून स्विचलाही इंटरनेट आहे, ही या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महागडी गैरसमजूत आहे. स्विचमधून इतरांचा डेटा वाहत असला तरी स्विच स्वतः नेटवर्कवरील एक स्वतंत्र पाहुणा असतो. त्याला स्वतःचा आयपी पत्ता, गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचे दार) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) लागतो. अनेक ठिकाणी इंजिनिअर स्विचला कायमचा आयपी पत्ता देतात, सबनेट मास्क भरतात आणि गेटवे व डीएनएस या दोन जागा रिकाम्या सोडतात, कारण त्याच नेटवर्कमधून व्यवस्थापनाचे पान उघडण्यास त्यांची गरज पडत नाही. पान उघडते, आणि नोंदणी मात्र ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ म्हणून थांबते. म्हणून सर्वप्रथम आयपीच्या पानावर जावे (हे पान नोंदणीपूर्वीही बहुधा खुले असते) आणि पत्ता तात्पुरता डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळण्याच्या सोयीवर) टाकावा. गेटवे व डीएनएस आपोआप मिळून नोंदणी पार पडली, तर दोष कुठे होता ते कळले. त्यानंतर कायमचा पत्ता पुन्हा देता येतो.

व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन ठेवणाऱ्या शिस्तशीर कार्यालयांत अडचण नेमकी त्या शिस्तीतूनच येते. त्या व्हीलॅनला फायरवॉलवर बाहेर जाण्याची परवानगी मुद्दाम दिलेली नसते, आणि ते योग्यही आहे. अशा वेळी नियम कायमचा सैल करू नये. त्या एका पत्त्याला सुरक्षित वेब संपर्कासाठी टीसीपी पोर्ट 443, डीएनएससाठी 53 आणि वेळ जुळवण्यासाठी यूडीपी 123 एवढेच नोंदणीपुरते उघडावे आणि काम झाल्यावर बंद करावे. मेराकीच्या बाबतीत मात्र उपकरणाला डॅशबोर्डशी कायमचा संपर्क लागतो. त्यासाठी कोणती पोर्ट उघडी हवीत याची आपल्या संस्थेपुरती यादी डॅशबोर्डच्या मदत विभागात मिळते, आणि तिच्यात यूडीपी 7351 हे पोर्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नोंदणीसाठी स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो असे काही इंटरनेट सेवादार सांगतात आणि त्यासाठी वार्षिक शुल्कही आकारतात. नोंदणीचा संपर्क उपकरणाकडून बाहेर जातो, बाहेरून आत येत नाही. म्हणून गल्लीतील केबलवाल्याच्या सामायिक पत्त्यावरूनही तो होतो. स्टॅटिक आयपीची इतर कामांसाठी गरज असू शकते, पण या कामासाठी ती नाही.

पत्त्यांच्या टकरीचा एक प्रकार लहान कार्यालयांत नेहमी दिसतो. डीएचसीपी न मिळाल्यास नेटगिअरचे अनेक स्मार्ट स्विच 192.168.0.239 हा पत्ता घेतात. स्विचची केबल लॅपटॉपला थेट जोडली आहे आणि त्याच वेळी लॅपटॉप 192.168.0 याच मालिकेतील वायफायवरही आहे, अशी स्थिती असेल तर लॅपटॉपने विनंती कोणत्या बाजूला पाठवायची हा घोळ होतो. पान कधी उघडते, कधी उघडत नाही. नोंदणीचे पान उघडताना वायफाय बंद करावे, आणि वायफाय बंद केल्यावर लॅपटॉपचे इंटरनेट जात असेल तर स्विचलाही ते नव्हतेच, हे त्याच क्षणी सिद्ध होते.

घड्याळ, प्रमाणपत्र आणि अर्धवट थांबणारे पान

वाट मोकळी असूनही नोंदणी अयशस्वी होत असेल तर उपकरणाची तारीख पाहावी. लहान स्विच आणि ॲक्सेस पॉइंटमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी बहुधा नसते. वीज गेली की तारीख 1970 किंवा फर्मवेअर (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर) तयार झाल्याच्या सुमारास जाऊन बसते. सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र अशा उपकरणाला ‘अजून लागू न झालेले’ वाटते आणि ते संपर्क तोडते. पडद्यावर मात्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा मोघम संदेश येतो, तारखेचा उल्लेखही नसतो. ज्या भागांत दिवसातून दोनदा वीज जाते तिथे हा दोष उपकरणाच्या गुणवत्तेवर ढकलला जातो, प्रत्यक्षात तो यूडीपी 123 बंद असल्याचा परिणाम असतो. भारतातील संस्थांना तसेही घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळ सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवण्याचे निर्देश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेले आहेत. तेव्हा कार्यालयात एक अंतर्गत वेळ सर्व्हर ठेवून सर्व उपकरणांना त्याचाच पत्ता देणे दोन्ही दृष्टींनी सोयीचे ठरते.

दुसरे कारण कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये असते. शाळा, महाविद्यालये आणि कारखान्यांच्या फायरवॉलवर सुरक्षित संपर्क उघडून तपासण्याची सोय सुरू असते, तेव्हा फायरवॉल मूळ प्रमाणपत्राच्या जागी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करते. संगणकांवर ते विश्वासार्ह म्हणून बसवलेले असते, स्विचवर नसते. संगणकावर सर्व काही सुरळीत आणि स्विचचा संपर्क मात्र दर वेळी तुटतो, असे चित्र दिसले की निर्मात्याच्या नोंदणी सर्व्हरला या तपासणीतून वगळावे.

तिसरा प्रकार सर्वांत चकवणारा आहे. पिंग (संपर्क तपासण्याचे छोटे पॅकेट) जातो, डीएनएस चालतो, नोंदणीचे पान सुरूही होते आणि मग फिरत्या चक्रावर अडकून राहते. पीपीपीओई (वापरकर्तानाव व पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) पद्धतीच्या ब्रॉडबँडवर एका पॅकेटचा कमाल आकार 1500 ऐवजी 1492 बाइट असतो. वाटेतील एखादे उपकरण ‘पॅकेट मोठे आहे’ ही सूचना परत येऊ देत नसेल, तर लहान पॅकेट्स पार होतात आणि प्रमाणपत्राची मोठी पॅकेट्स वाटेत हरवतात. त्याच जोडणीवरील संगणकावरून तुकडे न करण्याची अट घालून 1464 बाइटचा पिंग पाठवावा. तो जात असेल आणि 1472 बाइटचा जात नसेल, तर आकाराची मर्यादा 1492 आहे हे निश्चित होते. राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधील डेटाचा कमाल आकार) 1452 ला बांधला की हा प्रश्न सुटतो. स्विचला दोष देऊन तो बदलून आणला तरी नवा स्विचही तिथेच अडकेल.

ब्राउझरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नोंदणीचे पान निर्मात्याच्या खात्याकडे नेऊन परत आणते, त्यामुळे पॉप-अप आणि कुकी अडवणारे ब्राउझरचे एक्स्टेन्शन त्या वेळेपुरते बंद करावे, किंवा खासगी विंडोत पान उघडावे.

‘हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे’

वाटेच्या अडचणी तांत्रिक असतात आणि तासाभरात सुटतात. मालकीच्या अडचणी कागदोपत्री असतात आणि आठवडे घेतात. विक्रेता उपकरण देण्यापूर्वी फर्मवेअर अद्ययावत करून, मूलभूत रचना करून देतो, आणि ते करताना स्वतःच्या खात्यात नोंदणी करून मोकळा होतो. ग्राहकाला हे सोयीचे वाटते. दोन वर्षांनी विक्रेता बदलतो, आणि वॉरंटीचा दावा करताना किंवा उपकरण नव्या रचनेत घेताना ते कायदेशीरदृष्ट्या संस्थेचे, पण निर्मात्याच्या नोंदींनुसार दुसऱ्याच कोणाचे असल्याचे उघड होते. संस्थेतून निघून गेलेल्या इंजिनिअरने आपल्या वैयक्तिक ईमेलवर केलेली नोंदणी याहून वाईट, कारण एकवेळ पासवर्ड त्याच्याच मोबाइलवर जातो आणि तो उचलेल याची खात्री नसते.

मेराकीचे उपकरण एका वेळी एकाच संस्थेच्या डॅशबोर्डवर असू शकते. जुन्या संस्थेने ते नेटवर्कमधून काढून आपल्या यादीतूनही सोडल्याशिवाय नव्या संस्थेला जोडता येत नाही. म्हणून वापरलेली उपकरणे स्वस्तात घेताना पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून ही कृती करवून घ्यावी, नंतर त्याचा पाठलाग करणे व्यर्थ ठरते. इतर निर्मात्यांकडे हस्तांतराची विनंती करता येते. त्यासाठी संस्थेच्या नावाचे जीएसटी बिल, बिलावर छापलेला अनुक्रमांक, उपकरणाच्या लेबलचे स्पष्ट छायाचित्र आणि शक्य असल्यास जुन्या खातेधारकाचे संमतीचे ईमेल सोबत द्यावे. बिलावर अनुक्रमांक नसतो हीच बहुतेक ठिकाणची खरी अडचण असते. खरेदीच्या आदेशातच ‘प्रत्येक नगाचा अनुक्रमांक बिलावर किंवा जोडपत्रात द्यावा आणि नोंदणी संस्थेच्या ईमेलवर करावी’ ही एक ओळ घातली तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो. सरकारी कार्यालये आणि अनुदानित संस्था जेम या सरकारी ई-बाजारपेठेवरून खरेदी करतात तेव्हाही स्वीकृतीच्या वेळी ही तपासणी करून घ्यावी.

‘क्रमांक अवैध आहे’ हा संदेश वेगळा. त्यामागे बहुधा वाचण्याची चूक असते. खोक्यावर तीन-चार बारकोड असतात: विक्रीचा तेरा अंकी कोड, बारा चिन्हांचा मॅक पत्ता (उपकरणाची नेटवर्कवरील कायमची ओळख) आणि अनुक्रमांक. नेटगिअरचा अनुक्रमांकही तेरा चिन्हांचा असल्याने विक्रीचा कोड टाकला तरी लांबी बरोबर भरते आणि चूक लक्षात येत नाही. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांच्यातील गोंधळ तर नेहमीचाच. खोक्यापेक्षा उपकरणाच्या पाठीवरचे लेबल प्रमाण मानावे, आणि व्यवस्थापनाच्या पानावर अनुक्रमांक दिसत असेल तर तेथूनच नक्कल करावा. रॅकमध्ये बसवलेला स्विच त्यासाठी बाहेर काढण्याचे कारण नाही. खरेदीची तारीख भरतानाही सावध राहावे. संकेतस्थळ महिना आधी घेत असेल आणि आपण 12/05 हे 12 मे म्हणून लिहिले, तर ते 5 डिसेंबर समजले जाते; ती तारीख भविष्यातील ठरल्यास अर्ज नाकारला जातो, आणि भूतकाळातील ठरल्यास वॉरंटी चुकीच्या दिवसापासून मोजली जाते. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा, कारण तो तेव्हा दिसत नाही.

सर्व काही बरोबर असूनही क्रमांक सापडत नसेल, तर उपकरण दुसऱ्या देशाच्या बाजारपेठेसाठीचे असण्याची शक्यता तपासावी. अधिकृत वितरकाबाहेरून आलेल्या मालाच्या बाबतीत हे घडते, आणि अशा उपकरणाला भारतात वॉरंटी मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

इंटरनेट न देता नोंदणी

चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यांत यंत्रसामग्रीचे नेटवर्क बाहेरच्या जगापासून मुद्दाम तोडलेले असते, आणि स्विचच्या नोंदणीसाठी ते जोडावे ही मागणी सुरक्षा अधिकारी मान्य करत नाहीत. त्यांचे बरोबर आहे. अशा ठिकाणी नोंदणी की, सॉनिकवॉलसारख्या उपकरणांत हाताने भरायचा की-संच, किंवा सिस्कोच्या बाबतीत संस्थेच्या आवारात बसवायचा परवाना सर्व्हर अथवा परवान्याचे आरक्षण, हे मार्ग वापरावेत. यांपैकी कोणताही मार्ग उपलब्ध नसेल तर स्विच कारखान्यात बसवण्यापूर्वीच कार्यशाळेत नोंदवावा.

कार्यशाळेत तारेचे इंटरनेट नसल्यास मोबाइल पुरतो, मात्र स्विचला वायफाय कळत नाही. मोबाइल यूएसबीने विंडोज लॅपटॉपला जोडून टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करावे, त्या जोडणीच्या गुणधर्मांत इंटरनेट सामायिक करण्याचा पर्याय निवडून लॅनचे पोर्ट दाखवावे आणि त्या पोर्टला स्विच जोडावा. लॅपटॉप स्वतः 192.168.137.1 हा पत्ता घेतो आणि डीएचसीपीवर असलेल्या स्विचला त्याच मालिकेतील पत्ता, गेटवे व डीएनएस देतो. कार्यालयाची फायरवॉल, व्हीलॅन, प्रॉक्सी यांपैकी काहीच मध्ये नसल्याने दोष शोधण्यासाठीही ही रचना उत्तम आहे: इथे नोंदणी झाली आणि कार्यालयात होत नव्हती, तर उपकरण निर्दोष ठरते.

नोंदणी पुन्हा का मागितली जाते

पुन्हा येणाऱ्या पानाची कारणे थोडी आहेत. फॅक्टरी रीसेटने उपकरणात साठवलेली खात्याची खूण पुसली जाऊ शकते. निर्मात्याच्या खात्यात नोंद कायम असते, म्हणून त्याच खात्याने किंवा जपून ठेवलेल्या कीने प्रवेश करावा, नवे खाते काढू नये. नवे खाते काढले की ‘आधीच नोंदलेला’ हा वरचा प्रश्न आपण आपल्याच हाताने उभा करतो. वॉरंटीत बदलून आलेल्या नगाचा अनुक्रमांक वेगळा असतो. त्याची नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि जुन्या नगाची उरलेली वॉरंटी नव्या क्रमांकाशी जोडली गेली का हे खात्यात पाहून घ्यावे. जुन्या नगाच्या रचनेची बॅकअप फाइल नव्यावर चढवल्याने नोंदणी सोबत येईल असे मानू नये.

सिस्कोची स्मार्ट लायसन्सिंग पद्धत या सर्वांहून निराळी आहे, कारण तिच्यात मूळ रचनेनुसार नोंदणीला मुदत होती. खात्यातून काढलेले टोकन (नोंदणीचा संकेत) ठरावीक दिवसांतच वापरावे लागते. नोंदणीनंतर उपकरणाला मिळणारे ओळख प्रमाणपत्र एक वर्षाचे असते आणि ते सहा महिन्यांनी आपोआप नवे होते. परवान्याची मान्यता 90 दिवसांची असून दर 30 दिवसांनी तिचे नूतनीकरण होण्याचा प्रयत्न होतो. म्हणजे नोंदणीच्या दिवशी उघडलेला फायरवॉलचा नियम दुसऱ्या दिवशी बंद केला, तर तीन महिने सर्व ठीक चालते आणि मग अचानक मान्यता संपल्याची सूचना येते. तोवर नियम कोणी बंद केला हे कोणाला आठवत नाही. सिस्कोच्या आयओएस-एक्सई या प्रणालीच्या 17.3.2 आवृत्तीपासून आलेल्या नव्या धोरणात ही पूर्वनोंदणी काढून वापराचा अहवाल पाठवण्याची पद्धत आली आहे. त्यामुळे जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली कार्यपद्धती नव्या उपकरणावर वापरणाऱ्याला टोकन टाकण्याची जागाच सापडत नाही. कार्यालयात दोन्ही आवृत्त्या असतील तर दोन वेगळ्या टिपणी ठेवाव्यात.

केवळ स्थानिक पानावरून चालवायच्या स्विचला निर्मात्याचे खाते का लागावे, हा प्रश्न रास्त आहे, आणि ‘वॉरंटी व सुरक्षा सूचना मिळाव्यात म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. सूचना हव्या असलेला ग्राहक स्वतःहून नोंदणी करतो, त्यासाठी व्हीलॅनचे पान अडवून धरण्याची गरज नसते. ही अट ज्यांना मान्य नाही त्यांनी ती खरेदीपूर्वी माहितीपुस्तिकेत तपासावी, कारण ती खोक्यावर ठळकपणे दिसेलच असे नाही. ज्यांनी खरेदी केली आहे त्यांनी संस्थेच्या नावाने व्यक्तिनिरपेक्ष ईमेल काढावा, तो किमान दोन जबाबदार व्यक्तींना उघडता यावा, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी कोणा एकाच्या मोबाइलवर अवलंबून ठेवू नये, आणि अनुक्रमांक, मॅक पत्ता, बिलाचा क्रमांक, नोंदणीची तारीख व नोंदणी की यांची नोंद साठा नोंदवहीतच करावी. ही नोंद स्विचवरच्याच एखाद्या सर्व्हरवर ठेवली तर ऐन गरजेच्या वेळी ती उघडणार नाही, म्हणून छापील प्रतही असावी.

एवढे करूनही निर्मात्याकडे तक्रार करावी लागली, तर मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, अनुक्रमांक, उपकरणावर दिसणारी तारीख व वेळ, नेमका त्रुटी संदेश आणि मोबाइल टेदरिंगवर केलेल्या चाचणीचा निकाल पहिल्याच पत्रात कळवावा. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस ‘उपकरण बंद करून चालू करा’ आणि ‘ब्राउझर बदला’ यांतच जातात. उपकरण दुसऱ्या शाखेकडे, दुसऱ्या मालकाकडे किंवा ई-कचऱ्यात पाठवताना ते रीसेट करण्यापूर्वी संस्थेच्या खात्यातून काढावे आणि काढल्याची तारीख त्याच नोंदवहीत लिहावी.